चित्र खरे, गाव खोटे

आपल्या भाषेत 'आवई' म्हणून एक जुना शब्द आहे. शत्रूची फौज आली अशी खोटी हाकाटी उठली, की लोक म्हणत, आवई आली. या शब्दाला भावंडेही पुष्कळ आहेत. हूल, भुमका, वावडी, कंडी. हूल देतात, वावडी उठते, कंडी पिकते. एकाच वस्तूला इतकी नावे का पडली असावीत याचा मी पुष्कळदा विचार करतो. मी काही इतिहासाचा पदवीधर नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. शाळेत पोरांना शिकवावे आणि सुटीत कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच माझा उद्योग. परंतु २०१८ साली एका आवईने मला असा काही चटका दिला, की तेव्हापासून आवयांचा इतिहास मिळेल तिथून वाचीत आलो आहे. त्यातले थोडे दिवाळीच्या या निवांत दिवसांत वाचकांपुढे ठेवतो. विषय फराळाच्या ताटाशेजारी ठेवण्याजोगा नाही, हे मला समजते. पण ज्या ताटाशेजारी हा अंक उघडला जाईल त्याच ताटाशेजारी मोबाइल नावाचा पाहुणाही बसलेला असणार, म्हणून हे धाडस.

पहिली आवई मला भेटली ती लहानपणी. दिग्रसजवळ अरुणावती नदीवर तेव्हा धरणाचे काम चालले होते. आमच्या खेड्यात वार्ता आली की भिंत तोल धरीत नाही, तिला लहान मुलांची मुंडकी हवीत, आणि पोरे गोळा करायला पोतीवाले फिरू लागले आहेत. आमची शाळा दोन दिवस ओस पडली. आजीने मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिले नाही. तिसरा दिवस बाजाराचा. धरणावर मुरूम टाकणाऱ्या टोळीत आमच्याच गावचा एक माणूस होता, तो बाजारासाठी घरी आला. आजीने त्याला ओट्यावर बसवले आणि विचारले, "काय रे बाप्पा, पोराईचे मुंडके गाडून राह्यले म्हणते भिंतीत?"

तो कपबशी खाली ठेवून हसतच सुटला. "काकी, मुरूम पुरून नाही राह्यला, तं मुंडके कुठून आणतीन? दोन हप्त्याची मजुरी नाही भेटली. आमचंच मुंडकं गाडाची पाळी आली."

झाले! आवई तिथल्या तिथे मेली. संध्याकाळी आम्ही पोरे पुन्हा विटीदांडू खेळत होतो.

पुढे वाचनात आले, की पुलाच्या नाहीतर धरणाच्या पायात मुलांचा बळी देतात ही भीती हिंदुस्थानभर होती आणि इंग्रजी अमदानीत मोठाले पूल उभे राहत तेव्हाही ती उसळत असे. म्हणजे आमची आवई काही आमच्या गावची नव्हती. ती फार जुन्या घराण्यातली होती. पण माझ्या मनात घर करून राहिली ती गोष्ट निराळी. ती आवई पायी चालत आली होती. धरणापासून आमच्या गावापर्यंत पोचायला तिला दिवस लागले, आणि वाटेत तिला धरणावरचा माणूस गाठ पडला.

१८५७ च्या आरंभी उत्तर हिंदुस्थानात पोळ्या फिरल्या, ही हकीकत आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. एका गावच्या चौकीदाराने शेजारच्या गावच्या चौकीदाराला पोळ्या द्याव्यात. त्याने तशाच आणखी भाजून पुढच्या गावांना पोचवाव्यात. मथुरेचा मॅजिस्ट्रेट मार्क थॉर्नहिल याच्या कचेरीतल्या टेबलावर अशा चार पोळ्या येऊन पडल्या. साहेबाने चौकशी केली. पण त्या कोणी धाडल्या आणि कशासाठी धाडल्या, हे आणणाऱ्याला सांगता येईना. कोणी म्हणे हा पटकीचा उतारा आहे. कोणी म्हणे कंपनी सरकार पिठात हाडांचा चुरा मिसळते त्याची ही खूण. मौज अशी, की त्या पोळीवर मजकूर काही नव्हताच. 'पुढे पाठवा' एवढीच तिची आज्ञा होती. मजकुराची रिकामी जागा ज्याने त्याने आपापल्या भीतीने भरून काढली. त्याच साली पेणकडच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन गर्दीत सापडले. वाटेत शिपायांच्या तोंडून त्यांनी काय काय ऐकले ते त्यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकात आहे, चिं. वि. वैद्य यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केले. एक भोळा, पापभीरू भिक्षुक मोठमोठ्या वार्ता कशा ऐकतो आणि कशा खऱ्या मानतो, हे ज्याला पाहायचे असेल त्याने ते अवश्य वाचावे. अर्थात काडतुसांच्या चरबीविषयीचा शिपायांचा संशय काही निराधार नव्हता. मोठ्या आवईच्या पोटात पुष्कळदा एखादे खरे दुखणे असते.

प्लेगच्या वेळी तेच झाले. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघडकीस आला. पुढच्याच महिन्यात तिथल्या राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले, आणि बोलवा उठली की राणी रागावली आहे, इस्पितळात नेलेल्या माणसांची काळजे काढून तिच्याकडे पाठवायची आहेत. गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. काळजे कोणी काढीत नव्हते, हे खरेच. पण घरात शिरून माणसे ओढून नेणे, सामान रस्त्यावर टाकून जाळणे, हे लवकरच सुरू झाले. पुण्यात त्याचा कळस झाला, आणि २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. लोकांचे ऐकून घेणारा कोणी नसला, की लोक जे कानावर पडेल ते ऐकतात.

आता एकदम माझ्या शाळकरी वयात येतो. २१ सप्टेंबर १९९५. त्या दिवशी देशभर गणपती दूध प्याला. पहाटे दिल्लीकडे सुरू झालेली ही वार्ता दुपारपर्यंत आमच्या जिल्ह्यात पोचली होती, आणि आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळातल्या लहानग्या गणपतीपुढेही चमचे घेऊन रांग लागली होती. मीही पाजले. चमच्यातले दूध खरोखरच ओढले जाई. द्रवाचा पृष्ठताण आणि केशाकर्षण यांचा तो खेळ, हे शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखविले. त्या आवईने कोणाचे वाईट केले नाही, दुधाचा भाव तेवढा चढला. परंतु इतिहासाच्या दृष्टीने तो दिवस मला मोठा वाटतो. ही आवई पायी आली नव्हती, ती एस.टी.डी.च्या तारेवरून आली होती. आणि त्याच्या आधी सव्वा महिनाच, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने आपल्या देशात सामान्य लोकांसाठी इंटरनेट खुले केले होते. आवईला पंख फुटण्याच्या बेतात होते, ते असे.

ते पंख फुटले म्हणजे काय झाले, हे महाराष्ट्राने पहिल्यांदा २०१२ साली पाहिले. आसामात दंगली झाल्या होत्या, म्यानमारमध्ये रोहिंग्या मुसलमानांवर अत्याचार होत होते. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण त्यांच्याबरोबर मोबाइलवरून चित्रे फिरू लागली. एका चित्रात शेकडो प्रेते आणि त्यांच्यामध्ये उभे असलेले भगव्या-तांबड्या वस्त्रांतले भिक्षू. पाहणाऱ्याला वाटावे, यांनीच मारले. वास्तविक ते चित्र २०१० च्या एप्रिलमध्ये तिबेटी मुलखात झालेल्या भूकंपाचे होते. ते भिक्षू मेलेल्यांना अग्नी देण्यासाठी आले होते. ११ ऑगस्टला मुंबईच्या आझाद मैदानावर सभा भरली, तिचे दंगलीत रूपांतर झाले, दोन जीव गेले, अमर जवान स्मारकाची विटंबना झाली. त्याच आठवड्यात उलट दिशेने दुसरी आवई सुटली: ईशान्येकडच्या लोकांवर आता सूड उगवला जाणार. पुण्याहून, बंगळूरहून हजारो पोरेपोरी सामान डोक्यावर घेऊन गुवाहाटीच्या गाडीला लागली. सरकारने पंधरा दिवसांसाठी हुकूम काढला, की कोणीही एका वेळी पाचांहून अधिक जणांना संदेश धाडू नये. हा पाचाचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. तो पुन्हा भेटणार आहे.

त्या भूकंपाच्या चित्रावरून मला एक किल्ली सापडली. पुढे मी अशा जितक्या प्रकरणांची माहिती वाचली, त्यांत बहुधा तीच किल्ली लागते. चित्र खरे असते, गाव खोटे असते. २०१३ साली उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगरला दंगल पेटली, तेव्हा दोन तरुणांना जमाव ठेचून मारतो आहे अशी चित्रफीत घरोघर दाखविली गेली. ती खरी होती. पण ती तीन वर्षांपूर्वीची, पाकिस्तानातल्या सियालकोटची होती. पूर्वीची आवई शब्दांची असे, आणि शब्दावर माणूस निदान शंका घेई. डोळ्यांनी पाहिलेल्यावर कशी घेणार? आपल्या वाडवडिलांनी कान आणि डोळा यांत चार बोटांचे अंतर सांगून ठेवले. आज ती चार बोटे ज्याच्या त्याच्या हातातल्या काचेवर फिरताहेत.

आता २०१८. त्या उन्हाळ्यात मुले पळविणाऱ्या टोळ्यांची आवई देशभर धावत होती. तिच्याबरोबर एक चित्रफीत असे. रस्त्यात मुले खेळताहेत, मोटारसायकलवर दोघे येतात, एक मूल उचलतात आणि पसार होतात. पाहताना काळजाचा ठोका चुकतो. ही फीत कराचीची होती. तिथल्या एका संस्थेने, हरवणाऱ्या मुलांची लोकांनी काळजी घ्यावी म्हणून, ती मुद्दाम तयार करविली होती. मूळ फितीत शेवटी तेच दोघे परत येतात, मुलाला जागेवर सोडतात आणि हातात फलक धरून सांगतात की बाबांनो, लक्ष ठेवा. आपल्याकडे कोणी तरी ते शेपूट कापून टाकले. कापणाऱ्याचे नाव आजवर कोणाला कळले नाही. मुलांच्या रक्षणासाठी केलेले चित्र माणसे मारण्याच्या कामी आले.

आमच्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्या वर्षी शाळा उघडून दोन-तीन दिवसच झाले होते. मोबाइलवर आमच्या वर्गाच्या पालकांचा एक गट आहे. सुटी, फी, सहल असले निरोप त्यावर जातात. माझ्या एका जुन्या स्नेह्याने मला ती फीत धाडली. मी पाहिली, मनात चर्र झाले, आणि 'पालकांनी सावध राहावे' असे चार शब्द वर लिहून मी ती गटावर टाकली. टाकताना मला आपण काही चांगले करीत आहोत असे वाटले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि बाहेर गलका ऐकू आला. गल्लीत तीस-चाळीस माणसे जमली होती. मध्ये एक केसवाला होता. शहरातल्या वाचकांना हा प्राणी कदाचित ठाऊक नसेल. आमच्याकडे बाया विंचरल्यावर निघालेले गुंतवळ जपून ठेवतात. केसवाला ते तागडीत तोलून घेतो, बदल्यात मोठ्यांना चमचा-वाटी देतो आणि पोरांना फुगा. सायकलला फुगे बांधलेला परका माणूस, भोवती पोरे, आणि चार दिवसांपूर्वी पाहिलेली ती फीत! दुसरे काय होणार? त्याची सायकल आडवी पडली होती, ओठ फुटला होता, फुगे पायांखाली फुटत होते. त्याची गचांडी धरलेला तरुण माझाच जुना विद्यार्थी, आणि आता एका विद्यार्थ्याचा बाप. मला पाहताच त्याने दुसऱ्या हाताने मोबाइल माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "सर, हे पहा, तुम्हीच तं पाठवलं होतं ना?"

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मी तो गोंगाट थांबविला असे लिहायला मला आवडले असते. थांबविला तो गल्लीतल्या एका म्हातारीने. तिच्या हाताला अजून पीठ होते. ती गर्दीत घुसली आणि म्हणाली, "अरे सोडा त्याले! दहा साल झाले, माह्या घरचे केस तोच नेते. माह्या सुनेच्या बाळंतपणात त्यानंच वाटी देल्ली होती." एवढ्याने गर्दी विरघळली. ज्याने गचांडी धरली होती त्यानेच सायकल उभी करून दिली. मी त्याला पाणी दिले. ती फीत पाठविणारा मी, हे मात्र मी त्याला सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा म्हणून आदिवासी वस्ती आहे. तिथे आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे एस.टी.तून उतरली. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातली. पिंपळनेरजवळ त्यांची पाले होती. त्यांच्यातला कोणी एका लहान मुलीशी बोलला, एवढे निमित्त झाले. जमावाने त्यांना मारीत मारीत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले आणि तिथे ठार केले. पाचही जण गेले. सोमवारच्या वर्तमानपत्रात ती बातमी वाचताना माझे हात थरथरत होते. राईनपाड्याच्या बाजारात त्या पाचांना ओळखणारी म्हातारी नव्हती, एवढाच काय तो आमच्या गल्लीत आणि तिथे फरक. त्याच रात्री मालेगावात परभणीकडच्या एका कुटुंबाला जमावाने घेरले होते. बरोबर दोन वर्षांचे मूल होते. पोलिसांनी त्यांना कसेबसे वाचविले.

डवरी गोसावी म्हणजे कोण? डौर वाजवून नाथांची, भैरवाची गाणी म्हणत दारोदार भिक्षा मागणारे. आमच्या लहानपणी सुगी आटोपली की एक गोसावी येई. आजी त्याला सुपाने ज्वारी घाली, आणि तो आमच्या खापरपणज्यापासूनची नावे घडाघडा म्हणून दाखवी. परका होताच तो. पण परका कोण आणि ओळखीचा परका कोण, यांतला भेद त्या काळी गावाला कळत असे. या समाजाला संशयाने पाहण्याचे शिक्षण मात्र मोबाइलने दिलेले नाही. १८७१ साली इंग्रजांनी कायदा केला आणि कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेचे कुंपण घालून वसाहत वसविली होती. हा कायदा आपण १९५२ साली रद्द केला. पण ऐंशी वर्षे सरकारी शिक्क्यानिशी जी आवई फिरली ती एका ठरावाने मरत नाही. फिरस्ता दिसला की पोर जवळ ओढणारा हात तिचाच आहे. कराचीच्या फितीला आपल्याकडे जमीन नांगरलेली मिळाली.

त्या दोन-तीन महिन्यांत देशात अशा आवयांनी वीसहून अधिक माणसांचा बळी घेतला. १० जुलैला व्हॉट्सॲप कंपनीने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. ज्या वर्तमानपत्रांना तिने मागे टाकले होते त्यांचीच पाने तिला भाड्याने घ्यावी लागली! पुढे आलेल्या निरोपावर 'फॉरवर्डेड' अशी खूण दिसू लागली. त्याच महिन्यात तिने जाहीर केले की हिंदुस्थानात एक निरोप एका वेळी पाच जागीच पुढे धाडता येईल. हाच तो पाचाचा आकडा. १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने झुंडशाहीविरुद्ध प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. २०१९ च्या जानेवारीत पाचाचा नियम जगभर लागू झाला, आणि २०२० साली फार फिरलेल्या निरोपाला एकाच जागेची मर्यादा घालण्यात आली. माझ्या मते या उपायांत शहाणपण आहे ते एवढेच, की त्यांनी आवईला थोडे लंगडे केले. तिला पुन्हा पायी चालायला लावण्याचा हा प्रयत्न.

आवई निदान चव्हाट्यावर तरी येते, म्हणून तिचा आवाज ऐकू येतो. दुसरे एक विष आहे, ते बंद खोलीत चढते. २०१४ च्या मे महिन्यात कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर इराकला गेले आणि तिथून 'इस्लामिक स्टेट'च्या फौजेला मिळाले. शिकलेली पोरे. ती इंटरनेटवर काय पाहतात, कोणाशी बोलतात, याचा घरच्यांना पत्ता नव्हता. त्यांतला एक नोव्हेंबरात परत आला. याच्या उलट टोकाला २०१९ च्या १५ मार्चला न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्च येथे गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाचे वेड घेतलेल्या एका माणसाने दोन मशिदींत गोळीबार केला. ५१ माणसे मेली. हत्या चालू असताना तो ती फेसबुकवरून दाखवीत होता. प्रत्यक्ष त्या वेळी पाहणारे दोनशेही नव्हते. पण पहिल्या चोवीस तासांत त्या फितीच्या पंधरा लाख प्रती काढून टाकाव्या लागल्या, असे कंपनीने सांगितले. धर्म निराळे, देश निराळे. पण वेड लागण्याची वाट एकच. एखादा माणूस कशापुढे क्षणभर अधिक थांबला, हे यंत्र टिपून ठेवते आणि तशाच प्रकारचे आणखी काही पुढ्यात टाकते. गिऱ्हाईक जितका वेळ दुकानात थांबेल तितक्या जाहिराती खपणार. राग आलेला माणूस फार वेळ थांबतो, हे दुकानदाराला आपल्याआधी कळले.

आणि हे सारे दूरदेशीचे म्हणून हात झटकावेत, तर अमरावती यवतमाळहून नव्वद किलोमीटरांवर आहे. १३ ऑक्टोबर २०२१ रोजी बांगलादेशातल्या कोमिल्ला गावी दुर्गापूजेच्या मांडवात मूर्तीच्या पायाशी कुराणाची प्रत सापडली. कोणी तरी ते फेसबुकवरून जिथल्या तिथे दाखविले, आणि त्या देशभर हिंदूंच्या देवळांवर, घरांवर हल्ले झाले. त्याचे पडसाद शेजारच्या त्रिपुरात उमटले. महिनाअखेर तिथे मोर्चे निघाले, मुसलमानांच्या दुकानांवर आणि एका मशिदीवर हल्ला झाला. मग त्रिपुराची म्हणून चित्रे फिरू लागली, त्यांत खरी किती आणि दुसऱ्या गावची किती हे निवडणार कोण? १२ नोव्हेंबरला अमरावती, नांदेड, मालेगावात निषेधाचे मोर्चे निघाले आणि दगडफेक झाली. १३ तारखेला अमरावतीत बंद पुकारला गेला, आणि उलट बाजूची दुकाने फुटली, जळाली. त्याच दिवशी केंद्राच्या गृहखात्याने खुलासा केला की त्रिपुरातल्या अमुक एका मशिदीची नासधूस झाल्याची वार्ता खोटी आहे. तोवर अमरावतीत संचारबंदी लागली होती. बरोबर एका महिन्यात कोमिल्ल्याची ठिणगी हजाराहून अधिक किलोमीटर तोडून वऱ्हाडच्या कापूस बाजारात येऊन पडली, आणि वाटेत तिने दोनदा धर्म बदलला.

सरकारने अमरावतीचे इंटरनेट बंद केले. ते करणे भागच असेल. माझी मावसबहीण तिथे राहते. फोन लागेना, आणि इकडे यवतमाळात मात्र अमरावतीत काय काय झाले याच्या नाना हकीकती पिकत होत्या. पूर्वी अशा वेळी आम्ही एस.टी.च्या स्टँडवर जात असू. अमरावतीची गाडी आली की उतरणाऱ्याला विचारायचे, "काय भाऊ, काय हाल आहे तिकडे?" तो सांगे, अमुक चौकात गडबड आहे, बाकी ठीक. पण नेमका त्याच महिन्यात एस.टी.चा संप होता. स्टँडवर गाड्या ओळीने उभ्या, आणि पाहून आलेला माणूस एकही नाही. दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन लागला. ती म्हणाली, "आमच्या गल्लीत काही नाही गं बाई झालं," आणि माझ्या बायकोशी फराळाच्या चकल्या कशा बिघडल्या यावर बोलू लागली.

त्या केसवाल्याची गोष्ट अर्धी राहिली. त्या शनिवारनंतर तो वर्षभर आमच्या गल्लीत फिरकला नाही. मी वाट पाहत होतो, आणि तो येऊ नये असेही मला वाटत होते. २०१९ च्या उन्हाळ्यात एके दुपारी त्याची हाळी ऐकू आली. बायकोने गुंतवळाची पुडी माझ्या हाती दिली, आणि आज सांगून टाकायचेच असे ठरवून मी बाहेर आलो. त्याने मला ओळखले. मी म्हणालो, "बाबा, मागच्या साली तुम्हाला मार बसला, त्या फितीबद्दल बोलायचं होतं."

"ती होय?" तो म्हणाला. त्याने खिशातून मोबाइल काढला, काच तडकलेली, आणि बोटाने वर-खाली करीत ती शोधून माझ्यासमोर धरली. तीच मुले, तीच मोटारसायकल. "मलाबी आली होती की, सर. मेव्हण्यानं पाठवली. मी तिकडं बायकोला पाठवली, म्हटलं, पोरं घराबाहीर सोडू नको, असले लोक फिरायलेत."

"मीही पाठवली होती," मी म्हणालो. "इथल्या लोकांना मीच पाठवली होती."

त्याने माझ्याकडे थोडा वेळ पाहिले. मग मोबाइल खिशात घातला, माझ्या हातातली पुडी घेतली, सोडून तागडीत टाकली आणि काटा स्थिर होईपर्यंत थांबला.

"चमचा देऊ का फुगा?" त्याने विचारले.